एका बंदुकीचे दोन पट्टे

बंदुकीला पट्टा लागतो, कारण माणसाला हात दोनच असतात. या धंद्यातले शास्त्र एवढ्या वाक्यात संपते. उरतात ती गिऱ्हाइके, आणि ती एवढ्यात संपत नाहीत.

मुंबईच्या एका दैनिकात मी तीन वर्षे बातमीदार होतो. दैनिक बंद पडले. ठाण्यात माझ्या मामांचे बंदूक-दुरुस्तीचे परवान्याचे दुकान होते. दुसरी नोकरी मिळेपर्यंत तिथे बसावे असे ठरले. दुसरी नोकरी मी शोधली नाही, आणि कोणी आठवणही करून दिली नाही. पुढे लिहिले आहे ते स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या आठ-दहा वर्षांतले आहे. तेव्हा ठाणे-कल्याणच्या वेशीबाहेर पाऊल टाकले की भातखाचरे लागत. येऊरच्या डोंगरातून रानडुकरे उतरत आणि पीक तुडवून जात. त्यामुळे शेतकऱ्यांना पीकसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळत. बहुतेक बंदुका बारा बोअरच्या, दुनळी आणि वडिलांच्या वेळच्या असत. दुकानात येणाऱ्यांचे दोन वर्ग होते: बंदूक चालवणारे, आणि बंदूक वारशाने गळ्यात पडलेले. पट्टा दोघांनाही लागे. दुसऱ्यांना जास्त, कारण त्यांना ती फक्त वाहायचीच असे.

पट्टा बसवणे म्हणजे दोन कड्या बसवणे. मागची कडी लाकडी दस्त्याला खालून, टोकापासून चार बोटे आत, स्क्रूने बसते. पुढची कडी नळीच्या बाजूला, आणि तिथेच खरी गोम आहे. नळीला भोक पाडता येत नाही. पहिल्या दिवशी मामांनी मला समोर बसवून सांगितले, "तुझ्या पेपरात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. इथे नळीला भोक पाडलंस, तर खुलासा गिऱ्हाइकाच्या बायकोला करावा लागेल."

म्हणून पुढची कडी वितळलेल्या कथलाचा डाख देऊन चिकटवतात. पण दुनळीच्या दोन नळ्यासुद्धा एकमेकींना डाखानेच जोडलेल्या असतात. कडी लावताना आच जास्त झाली तर आतला जुना डाख सुटतो आणि नळ्या एकमेकींपासून विलग होऊ लागतात. ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी नळ्या दस्त्यापासून सोडवून दोरीला टांगायच्या आणि टिचकी मारायची. सगळे शाबूत असेल तर घंटेसारखा स्वच्छ, लांब नाद येतो. नसेल तर फुटके मडके वाजते. मामा कामाची पावती द्यायच्या आधी प्रत्येक नळी वाजवून बघत. डोळे मिटून, तंबोरा जुळवणाऱ्यासारखे.

पट्ट्याचे चामडे कोणते घ्यावे, हा प्रश्न सहसा उद्भवत नसे. डोंबिवलीचे लेले मास्तर याला अपवाद होते. गणिताचे शिक्षक. कोकणातल्या चुलत्यांची दुनळी त्यांच्याकडे आली होती. त्यांनी ती कधी चालवली नव्हती आणि चालवण्याचा विचारही नव्हता. पण वर्षातून एकदा ती कल्याणच्या कचेरीत तपासणीला न्यावी लागे. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात परवान्याची पिशवी, आणि बंदूक कुठे धरावी हे गणित त्यांना सुटत नव्हते.

"पट्टा चामड्याचा नको," ते म्हणाले. "तिरपा घातला तर जानव्याला लागतो."

"सदरा असतो ना मधे?" मामांनी विचारले.

"सदऱ्यावर माझा भरवसा आहे. चामड्यावर नाही."

त्यांना खाटेच्या नवारीचा पट्टा करून दिला. नवार खांद्यावरून घसरते, हे त्यांना सांगितले होते. पाऊस असेल तर नळ्यांची तोंडे खाली करून चालावे, म्हणजे आत पाणी जात नाही, हेही सांगितले. तोंडे खाली केली तर चिखल जाईल, अशी शंका त्यांनी काढली. ती रास्त होती. त्यांनी स्वतःच दोन्ही नळ्यांना बाटलीची बुचे बसवली. एका तपासणीला कल्याणच्या कारकुनाने बुचे उपटली. दोन्ही नळ्या आतून मातीने लिंपलेल्या निघाल्या. बुचे बसण्यापूर्वीच कुंभारमाशीने तिथे संसार थाटला होता. मास्तर बंदूक घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, "निदान कोणाला तरी उपयोग झाला." अशा गिऱ्हाइकांमुळे आपला धंदा निरुपद्रवी आहे असा माझा समज झाला होता. तो बाळकुमच्या दोन भावांनी दूर केला.

थोरला हिराजी, चाळिशीचा, बुटका आणि रुंद. धाकटा जोमा, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान आणि हातभर उंच. वडील शिमग्याच्या सुमारास वारले. त्यानंतर वाटणी झाली. भातशेताच्या मधोमध बांध पडला, घराच्या मधोमध भिंत आली, बैलगाडी एकाला आणि म्हैस दुसऱ्याला. भाऊ बोलेनासे झाले. राहिली ती दुनळी. पंचांनी पुष्कळ विचार करून तिचीही वाटणी केली: नळ्या दोन, भाऊ दोन. उजवी नळी थोरल्याची, डावी धाकट्याची. दुनळीला चाप दोन असतात. पुढचा ओढला की उजवी नळी उडते, मागचा ओढला की डावी. तेव्हा पंचांचा निवाडा तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता. हिराजी पुढच्याच चापाला बोट लावी, जोमा मागच्याच. काडतुसे ज्याची त्याची. एक दिवसाआड पाळी. पट्टा मात्र एकच, आमच्या दुकानातून नेलेला.

एका सकाळी हिराजी दुकानात आला.

"पट्ट्याचा तिसरा भोक माजा," तो म्हणाला. "सकाली बघतंय तं बकल पाचव्यात. त्याला सांगून ठेवा."

"तुम्हीच सांगा की. भाऊ आहे तुमचा," मी म्हणालो.

"आमी बोलत नाय."

दुपारी जोमा आला. "पाचवा भोक माजा. बघतंय तं बकल तिसऱ्यात. काय बोलाचा याला?"

मामा आतून म्हणाले, "आज भोकांचा बाजार भरलाय का रे?"

उंचीतला फरक पाहता दोघांचे म्हणणे बरोबर होते. तिसऱ्या भोकावर बंदूक जोमाच्या काखेत अडके. पाचव्यावर हिराजीच्या पोटरीला लागे. बकल सरकवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात एक विडीही पेटत नाही, हे मी दोघांना वेगवेगळे समजावले. दोघांनी वेगवेगळे एकच उत्तर दिले: पण सरकवायचा कोणी?

आठवड्याने हिराजी पुन्हा आला. त्याला दुसरा पट्टा हवा होता. स्वतःचा, स्वतःच्या कड्यांवर, स्वतःच्या नळीला. बोलता बोलता त्याने आदल्या रात्रीचा प्रकार सांगितला. डुक्कर त्याच्या खाचरात शिरले. त्याने उजवी नळी झाडली. नेम चुकला. डुक्कर दहा पावलांवर थबकून उभे राहिले.

"मग दुसरी नळी?"

"ती त्याची हाय ना. दुसऱ्याची नली मी कनाला उरवू?" त्याच्या आवाजात दुखावलेपणा होता. त्याच्या सचोटीवर शंका घेतली गेली होती.

"डुक्कर कुठे गेलं?"

"बांधावरून त्याचे शेतात."

"आणि खाल्लं?"

"मंग. दोघांचा खाल्ला. त्याने कोनाला सोडला नाय."

मामांनी दोन पट्टे बसवायला साफ नकार दिला. "बंदूक आहे की पाळणा?" असे ते म्हणाले. काम मी घेतले. बातमीदारीत एक सवय लागते: वाद असेल तिथे दोन्ही बाजूंना सारखी जागा द्यायची, आणि आपले मत द्यायचे नाही. मला ती सवय फार अभिमानाची वाटे. ती मी बंदुकीला लावली. मधली जुनी कडी काढली. उजव्या नळीला एक कडी, डाव्या नळीला एक. दस्त्याच्या उजव्या अंगाला एक, डाव्या अंगाला एक. एकाच कातड्यातून कापलेले दोन पट्टे, एकाला भोक तिसऱ्याच्या जागी, दुसऱ्याला पाचव्याच्या. काम देखणे झाले होते. फक्त नळ्यांना एकाऐवजी तीनदा आच लागली होती.

मी त्या टांगून टिचकी मारली.

"वाजतेय," मी म्हणालो.

"खोकतेय," मामा म्हणाले.

नाद थोडा बसका होता. मी तो ऐकला होता. बंदूक मी तशीच दिली. याबद्दलचा खेद इथे नोंदवून ठेवतो.

भाताला कणसे धरली, दाण्यात दूध भरू लागले, आणि कचेरीची नोटीस आली. परवाना वडिलांच्या नावावर होता आणि वडील नव्हते. अमुक दिवशी बंदूक हजर करावी आणि वारसांपैकी एकाचे नाव द्यावे. नाहीतर निकाल लागेपर्यंत बंदूक सरकारजमा. निकालाला किती महिने लागतात हे बाळकुममध्ये सगळ्यांना ठाऊक होते. डुकरांना त्या शेताला दोन रात्री पुरल्या असत्या. म्हणजे त्या दिवशी बंदूक घरी परत गेली नाही, तर वर्षाचे भात गेले. दोन्ही घरांचे.

त्या दिवशी दुपारी मी दुकानाच्या दारात उभा होतो. रस्ता एकाएकी मोकळा झाला. टांगे कडेला झाले. मग बाळकुमच्या बाजूने हिराजी आणि जोमा येताना दिसले. हिराजी उजवीकडे, जोमा डावीकडे, मधे बंदूक आडवी लोंबकळत. हिराजीचा पट्टा त्याच्या डाव्या खांद्यावर, जोमाचा त्याच्या उजव्या खांद्यावर. नळ्यांची तोंडे पुढे. बंदूक एकट्याकडे देऊन दुसरा रिकाम्या हाताने चालणे दोघांनाही मंजूर नव्हते. एकाची पावले आखूड, दुसऱ्याची लांब, त्यामुळे बंदूक दर पावलाला डुलत होती. दोघे एकमेकांकडे बघत नव्हते. आपण एकटेच चाललो आहोत, असा भाव दोघांच्याही चेहऱ्यावर होता.

मामांनी माझ्याकडे पाहिले. "काम देखणं झालंय," ते म्हणाले.

कचेरी दुकानापासून हाकेच्या अंतरावर होती. पाव तासात तिथला शिपाई धापा टाकत आला. "तुमच्या पट्ट्यांनी घोटाळा केलाय. अव्वल कारकुनांनी बोलावलंय. लगेच."

पुढचा काही भाग मला शिपायाने सांगितला, काही मी पाहिला. अव्वल कारकून हा पन्नाशीचा, शिस्तीचा माणूस होता. त्याने विचारले, "वारस कोण?" दोघे म्हणाले, "मी." तो म्हणाला, "हे बघा, मला वादात पडायचं नाही. बंदूक ज्याच्या ताब्यात, त्याचं नाव मी लिहिणार. ठेवा ती मेजावर." या वाक्यानंतर ती मेजावर ठेवणे अशक्य झाले. जो आधी पट्ट्यातून खांदा काढील, तो बंदूक भावाच्या ताब्यात देणार होता.

"भरलेली तर नाही ना?" कारकुनाने सहज विचारले.

"माजी नली भरलेली हाय," हिराजी म्हणाला. "त्याची मना माहीत नाय."

"माजी पन," जोमा भिंतीकडे बघत म्हणाला.

"कचेरीत? भरलेली बंदूक?"

"रिकामी आनली असती," हिराजी म्हणाला, "आनि यानी भरून आनली असती तं?"

कारकून मेजाखाली गेला आणि तिथून ओरडला, "तोंड फिरवा तिचं!" बंदूक फिरवायची तर दोघांना एकदम फिरावे लागे, आणि कोणत्या बाजूने हे ठरवायला बोलावे लागे. ते न बोलता फिरले. नळ्या घड्याळाच्या काट्यासारख्या खोलीभर फिरल्या. त्या वळल्या तिथले लोक ओळीने खाली बसत गेले: आधी आवक-जावक, मग टंकलेखक, मग दाखल्यासाठी रांगेत उभे असलेले सात-आठ जण. अखेर त्या दप्तरांच्या कपाटासमोर थांबल्या. मी पोचलो तेव्हा कचेरीत उभे असे फक्त दोन भाऊच होते.

मी बंदूक जागच्या जागी उघडून काडतुसे काढण्याचा प्रयत्न केला. दुनळी मधे मोडून उघडते. नळ्या खाली झुकल्या की मागची तोंडे मोकळी होतात. पण पुढचा भार दोन्ही पट्ट्यांनी वर तोलून धरला होता. नळ्या झुकेनात. माझ्या कड्या फार पक्क्या बसल्या होत्या.

"दोघांनी एकदम पट्टा काढायचा," मी म्हणालो. "मी तीन म्हणतो. एक, दोन, तीन!"

कोणी हलले नाही. दोघेही दुसरा हलतो का ते बघत होते. मी पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा कारकुनाने मेजाखालून मोजले. त्याचाही उपयोग झाला नाही.

"कापा ते पट्टे," तो म्हणाला.

मी खिशातून चामडे कापायची रापी काढली.

"आधी कोणाचा?" मी विचारले.

"त्याचा," दोघे म्हणाले. सहा-सात महिन्यांत त्यांचे पहिल्यांदा एकमत झाले होते. मला कापता येईना. आधी ज्याचा पट्टा कापावा, त्याची बंदूक गेली. सारखी जागा देण्याची माझी विद्या इथे संपली.

"साहेब जेवायला गेलेत," कारकून म्हणाला. "ते यायच्या आत ही रिकामी होऊन मेजावर आली नाही, तर बंदूक जमा आणि हे दोघे पोलिसांत. मग मला सांगू नका."

हिराजीने आपला पट्टा घट्ट धरला. जोमाने आपला. हलले कोणीच नाही.

तेवढ्यात दारात चांगुणाबाई आली. दोघांची आई. जांभळी नाक्याला भाजी विकायला बसायची. तिला कोणीतरी सांगितले होते की तुझ्या पोरांनी कचेरीवर तोफ आणली आहे. डोक्यावर वांग्यांची पाटी होती. ती तिने दाराशी उतरवली, पदर खोचला आणि सरळ दोघांच्या मधे गेली. दोन्ही हात बंदुकीखाली घातले आणि ती वर उचलली.

भार गेला तसे दोन्ही पट्टे ढिले पडले आणि दोघांच्या खांद्यांवरून एकदम कोपरापर्यंत घसरले. तिने बंदूक ओढून घेतली. इतका वेळ आम्ही सगळे पट्ट्यांकडे बघत होतो. बंदूक उचलावी, हे कोणाला सुचले नव्हते.

तिने कळ दाबली, गुडघ्यावर बंदूक मोडली, दोन्ही काडतुसे काढून पाटीतल्या वांग्यांत टाकली आणि उघडी बंदूक काखेत धरून उभी राहिली.

कारकून मेजाखालून वर आला. त्याने चष्मा पुसला, तिच्याकडे पाहिले, मग स्वतःचाच मघाचा शब्द आठवल्यासारखे केले आणि टाक उचलला. "नाव?"

"माजा?"

"बंदूक तुमच्या ताब्यात आहे. नाव सांगा."

तिने सांगितले.

"चालवता येते?"

"यांचे बाबूसला सांजचा दिसाचा नाय. इतकी वर्सा मीच चालवतंय."

परवाना इतकी वर्षे नवऱ्याच्या नावावर होता. कारकुनाने टाक दौतीत बुडवला. "हे मी ऐकलं नाही," तो म्हणाला. "प्रयोजन? कशासाठी हवी बंदूक?"

"डुकरांसाठी." तिने मुलांकडे पाहिले. "रानातल्या, असा लिवा."

बाहेर आल्यावर ती थेट आमच्या दुकानात आली. मुले दोन पावले मागे, दोन बाजूंना. तिने बंदूक फळीवर ठेवली. "यो कोनी केला?"

"याने," मामा म्हणाले. "आणि काढेलही हाच."

मी दोन्ही बाजूंच्या कड्या काढल्या. मधे, दोन नळ्यांच्या सांध्यावर, जुन्या जागी एक कडी बसवली. तिला डोक्यावर पाटी असताना बंदूक पाठीवर तिरपी हवी होती, म्हणून पट्टा फारच आखूड करावा लागला. तिसरे भोक उपयोगाचे नव्हते, पाचवे तर नव्हतेच. पहिल्याच्या जागेच्याही वर एक नवे पाडले. दुसरा पट्टा कोणी मागितला नाही. तो दुकानात खुंटीला राहिला. नळ्यांचा डाख मात्र मला तेव्हा पूर्ण उकलून नव्याने भरायचा होता. तो दोन दिवसांचा धीराचा उद्योग, आणि तिला दोन दिवस नव्हते. भात उभे होते. "खोकतेय, पण एवढा हंगाम काढील," मामा म्हणाले. "कापणी झाली की आणा."

कापणी झाल्यावर ती आली. पाठीवर तिरपी बंदूक, डोक्यावर पाटी, पाटीत आमच्यासाठी नव्या भाताचे पोहे. भात वाचले होते. मग तिने हकीकत सांगितली. हिराजीची पाळी होती. डुक्कर शिरले. त्याने उजवी नळी झाडली, नेम चुकला, डुक्कर बांधावरून जोमाच्या शेतात गेले. हिराजीने मागच्या चापाला बोट लावले आणि डावी नळी उडवली. डुक्कर बांधावरच पडले.

"मग?"

"मग काय! जोमा धावत आला. बोलतंय, माजी नली कनाला उरवलीस? यो बोलतंय, नली तुजी, पन बोट माजा. तो बोलतंय, शेत माजा. यो बोलतंय, शेत तुजा तं डुक्कर नीट बांधून ठेवाचा होता." ती फळीवर टेकली. "तवापासून दोघा बोलतान. पहाटे उठून बोलतान, जेवताना भिंतीवरून बोलतान. डोका पिकला माजा. तो दुसरा पट्टा हाय ना तुमचेकरे? लावता का परत? तवा घरान शांतता होती."

मामा खूप दिवसांनी मोठ्याने हसले. पट्टा आम्ही दिला नाही.

नळ्या मी सोडवल्या. जुना डाख पूर्ण काढला, दोन्ही नळ्या घासून स्वच्छ केल्या, तारेने एकत्र बांधल्या आणि मंद आचेवर सांध्यात नवे कथील सोडले. दोन दिवस दुसरे काम घेतले नाही. तिसऱ्या दिवशी ती बंदूक न्यायला आली तेव्हा नळ्या दोरीला टांगलेल्या होत्या. मी टिचकी मारायला हात उचलला. मामांनी तो बाजूला केला, स्वतः डोळे मिटले आणि बोटाच्या पेराने डाव्या नळीवर एकदा मारले. दोन्ही नळ्या बोलल्या. नाद पूर्ण विरेपर्यंत मामा तसेच उभे राहिले.

"आता वाजतेय," ते म्हणाले.